गुरुवारचा चढ

कल्याण, जुनी जकात कचेरी
सोमवार, २५ नोव्हेंबर २०२४

प्रिय प्रफुल्ल,

जय भीम.

तू माझा नंबर ब्लॉक केलास त्याला सात महिने झाले. पोस्टमनला ब्लॉक करायची सोय अजून निघालेली नाही, म्हणून हे पत्र. कोपरच्या घरून तुझी खडवली गाडीने तासाभराच्या आत येते, आणि मी पाकिटाला तिकीट चिकटवतेय. विनिता हसेल. हसू दे. पाकीट तिच्या हातात पडलं तर ते फाडून न टाकता तुझ्यापुढे ठेवेल, एवढा माझा भावजयीवर भरवसा आहे.

कागद उलटून बघ. मागे चौकटी आहेत आणि त्यांतून एक जांभळी रेघ गेलीय. ती मी काढलेली नाही. आमच्या संग्रहालयात पोळ्यांच्या डब्याएवढं एक जुनं यंत्र आहे, कुठल्याशा बंद पडलेल्या प्रयोगशाळेने दिलेलं. त्यात एक पितळी नळकांडं चावीवर फिरतं, आठवड्याला एक फेरा. त्यावर हा कागद गुंडाळायचा. पेनाचं टोक कागदाला टेकलेलं असतं आणि पेन आतून माणसाच्या केसांच्या जुडीला बांधलेलं असतं. हवेत ओल आली की केस लांबतात, पेन वर चढतं. हवा सुकली की केस आखडतात, पेन उतरतं. कुणाचे केस आहेत कोण जाणे. कधीकधी दुपारी मी त्या जुडीकडे बघत बसते आणि वाटतं, ती बाई कुठेतरी झोपलीय आणि झोपेत हे लिहितेय.

दर सोमवारी सकाळी मी जुना कागद काढते, नवा लावते, शाईचा थेंब भरते, चावी देते. पन्नासवर एक आणि साठवर एक अशा दोन लाल रेघा मी स्वतः पट्टीने आखते. जांभळी रेघ या दोघींच्या मध्ये राहिली की कपाटातल्या वस्तू सुखात आहेत असं समजायचं. सात महिन्यांत ती फारशी बाहेर गेलेली नाही. म्हणजे आजोबांचा डफ सुखात आहे. हे तुला कळावं म्हणून जुने कागद पत्रांसाठी वापरायचं ठरवलंय. माझ्यावर विश्वास नसेल तर रेघेवर ठेव.

तू तेरा एप्रिलला दौऱ्यावरून आलास, खुंटीवर हात घातलास आणि खुंटी रिकामी होती. तेव्हा तू जे बोललास ते सगळं मला पाठ आहे. "ताई, तू अण्णांना काचेत कोंडलंस." आणि दारातून वळून, "सुकून फाटेल तो तिथं, बघ." मी हसले होते. चौदा एप्रिलला तू उसना डफ घेऊन गायलास असं ऐकलं.

आजोबा गेले, मग अण्णा गेले; बापलेक दोघे गेल्यावर तो डफ खुंटीवर नुसता लटकत होता, प्रफुल्ल. खिडकीतून पावसाचं पाणी त्याच्यावर यायचं. आजोबा शिवराम ठाकुर्लीच्या रेल्वे चाळीत ज्या डफावर जलसे उभे करायचे, त्याला बुरशी लागलेली मला बघवत नव्हती. म्हणून मी तो संग्रहालयाला दिला. एवढंच कारण होतं.

आई बरी आहे. गुडघे दुखतात, पण हल्ली बाहेर जाते, फिरते. मला बरं वाटतं.

तुझी ताई,
दर्शना


कल्याण
सोमवार, ९ डिसेंबर २०२४

प्रिय प्रफुल्ल,

जय भीम. सहा तारखेला तू दादरला असशील, घसा बसला असेल. ज्येष्ठमध चघळ.

मागची रेघ नीट बघ, गुरुवारच्या रकान्यात. सोमवार, मंगळवार, बुधवार कशी शहाण्या मुलीसारखी चाललीय. आणि गुरुवारी दुपारी दोनला एकदम वर. चौसष्ट! चारनंतर हळूहळू खाली. मी मागचे कागद काढून बघितले. ऑक्टोबरच्या शेवटापासून दर गुरुवारी हाच चढ.

गुरुवारी संग्रहालय बंद असतं. मी ठाण्याला ट्रस्टच्या ऑफिसात आठवड्याचे आकडे घेऊन जाते. इमारतीत असतात फक्त आपले पोपटमामा, चाळीत आपल्या शेजारी राहायचे तेच. आता इथे पहाऱ्यावर आहेत. मी त्यांना विचारलं, "मामा, गुरुवारी खोलीत स्टोव्ह लावून चहा करता का?"

"मी कशाला तिथं चहा करू? टपरी आहे ना समोर." आणि मिशीवरून हात फिरवत खाडीकडे बघायला लागले. मामा खोटं बोलताना मिशीवर हात फिरवतात, हे तुला-मला लहानपणापासून माहीत आहे.

पण चहाने असा चढ येईल का? डफाची खोली तू बघितलेली नाहीस. पूर्वी तिथे गलबतांची जकात घ्यायचे. दगडी भिंती दोन हात रुंद, वर सागाचं छत, खाडीकडे एकच खिडकी, तिला हिरवी-पिवळी तावदानं. भरतीच्या वेळी दुपारी पाण्यावरचं ऊन छतावर येऊन हलत राहतं. पंखा बंद असला तरी वाटतं, वर काहीतरी वाहतंय. मला एकदा तिथे डुलकी लागली तेव्हा मी चाळीच्या गच्चीवर होते, आजोबा वर्तमानपत्र पेटवून डफ शेकत होते आणि तू त्यांच्या मांडीवर होतास. जाग आली तर ओलावा ओढणारं मशीन कोपऱ्यात घुरघुरत होतं.

हा चढ मला चैन पडू देत नाही, कारण मार्चमध्ये निर्णय आहे. आमच्या नीरजा मॅडम, ठाण्याहून येतात त्या, जुन्या वस्तूंच्या तज्ज्ञ. त्यांनी स्पष्ट सांगितलंय: मार्चपर्यंत रेघ हद्दीत राहिली नाही तर डफ इथे ठेवणं धोक्याचं, तो दुसऱ्या राज्यातल्या मोठ्या भांडारात जाईल. तिथे सीलबंद खोली असते, कुणी बघायलाही जात नाही. मग तू काय, मीसुद्धा त्याला पुन्हा बघणार नाही.

तेव्हा हा गुरुवार मला पकडायचा आहे.

दर्शना


कोपर
शुक्रवार, २० डिसेंबर २०२४

प्रिय प्रफुल्ल,

पकडला.

काल ठाण्याला जाते म्हणून निघाले आणि उलट्या गाडीने कल्याणला आले. अडीच वाजले होते. खोलीच्या दाराबाहेर चपलांचा जोड होता. निळ्या पट्ट्याच्या, डाव्या टाचेला झिजलेल्या. गेल्या दिवाळीला मीच घेऊन दिलेल्या.

आई कपाटासमोर स्टुलावर बसलेली. कपाटाची काच उघडी. डफाखाली स्टीलची वाटी, त्यात पिळलेलं ओलं फडकं. छतावर खाडीचं ऊन हलत होतं आणि आई एका नखाने डफाच्या कडेला टिचकी मारत होती, मग कान जवळ नेत होती. मी दारात उभी राहिले. किती वेळ, सांगता येत नाही. ती काहीतरी गुणगुणत होती, आजोबांच्या जलसा-पार्टीतलं. तिचा आवाज इतका लहान झालाय हे मला घरात कधी कळलं नव्हतं.

मग मी नोकरीवरची बाई झाले.

"आई, काय चाललंय हे?"

"हळू बोल. ऐकतेय."

"काय ऐकतेस?"

"वर बोलतोय गं हा. लय वर. मामंजींचा डफ असा कधी बोलायचा नाही. तहानलाय."

"डफ तहानत नसतो आई. हे यंत्र बघ, छप्पन दाखवतंय सकाळपासून. हवा एकदम बरोबर आहे. तू फडकं ठेवतेस म्हणून बिघडतं सगळं!"

आईने यंत्राकडे बघितलं, पाहुण्याकडे बघावं तसं. "थंडीत मामंजी ह्याला माठाशेजारी ठेवायचे, फडक्यात. पावसात चुलीजवळ. ह्या तुझ्या डब्याला म्हणावं, एकदा वाजवून तरी बघ."

मी मामांवर ओरडले. ते म्हणाले, "अगं, तुझी आई हाय. तिला काय पास मागू? दर गुरुवारी येते, दोन तास बसते, जाते. बाहेरून आलेल्या साहेबाला तू स्वतः कपाट उघडून दाखवतेस ना?"

मी त्यांच्याकडून चाव्यांचा जुडगा काढून घेतला. वाटी उचलली, फडकं खिडकीबाहेर पिळलं. आई स्टुलावरून उठली. चपला घालताना तिला वाकता येईना, मी हात दिला तर तिने भिंत धरली.

अहवालात मी त्या चढापुढे लिहिलं: "साफसफाईसाठी कपाट उघडले." ऑक्टोबरपासूनच्या सगळ्या गुरुवारांपुढे तेच लिहिलं. तुला सांगायला हरकत नाही, तू कुणाला सांगणार?

मी बरोबर केलं, प्रफुल्ल. ओल्या फडक्याने बुरशी येते. हे कुठल्याही पुस्तकात आहे.

दर्शना


कल्याण
सोमवार, ६ जानेवारी २०२५

प्रिय प्रफुल्ल,

उलटून बघ. सरळ! गुरुवारसुद्धा सरळ. नीरजा मॅडम फोनवर "शाब्बास" म्हणाल्या. त्या सहसा कुणाला शाब्बास म्हणत नाहीत.

आई माझ्याशी बोलत नाही. म्हणजे बोलते, पण "दूध संपलं", "लाइट आली" असंच. गुरुवारी दुपारी कोपरच्या घरात खिडकीशी बसून राहते. तिच्या गुरुवारचा चढ मी कापून टाकला तेव्हापासून घरही सपाट झालंय.

आणखी एक. शनिवारी दुपारी तीनच्या सुमारास मी खोलीत नोंदवही लिहीत होते. टक् असा आवाज झाला. एकदाच. कपाटातून आला असावा. जुनं सागवान आहे, थंडीत लाकूड बोलतं. मी उठून बघितलं नाही. वही पूर्ण केली आणि घरी गेले.

बाकी ठीक.

दर्शना


कोपर
सोमवार, १३ जानेवारी २०२५

प्रफुल्ल,

हे पत्र शेवटपर्यंत वाच. मध्येच ठेवलंस तर विनिताला वाचायला दे आणि तिच्याकडून ऐक.

मंगळवारी सकाळी आईने भाकरी थापता थापता विचारलं, "त्याचा आवाज झाला का गं?" मी तिला टक् सांगितलं नव्हतं. कुणालाच नव्हतं, तुला सोडून. मी म्हटलं, "कसला आवाज?" तिने भाकरी तव्यावर टाकली. "मग झाला," एवढंच म्हणाली.

बुधवारी मी कपाट उघडलं आणि बॅटरी घेऊन डफ बघितला. कडेला, लाकडी कड्याला लागून, कातडं फाटलंय. अंगठ्याच्या नखाएवढं. त्या जागी कातडं इतकं ताणलेलं होतं की बॅटरीचा उजेड आरपार जात होता.

आता जे लिहितेय ते मी शुक्रवारी नीरजा मॅडमना लिहून दिलंय. तुला लिहायला जास्त जड जातंय.

हे केसांचं यंत्र भोळं असतं. बराच काळ कोरड्या हवेत राहिलं की केस ताठरतात आणि खोटं सांगायला लागतात, आहे त्याहून जास्त ओल दाखवतात. म्हणून दर सहा महिन्यांनी त्याची परीक्षा घ्यायची असते, मिठाने. बंद डब्यात यंत्र ठेवायचं, शेजारी बशीत मीठ, मिठावर चार चमचे पाणी, नुसतं भिजेल एवढं. झाकण गच्च लावायचं. ओलं मीठ बंद जागेतली हवा नेहमी पंचाहत्तरवर आणून ठेवतं, कमी नाही जास्त नाही. आठ तासांनी पेन पंचाहत्तरवर असेल तर यंत्र खरं. आपल्या खाडीकाठच्या मिठागरातलं मीठसुद्धा चालतं. इतकी सोपी परीक्षा आहे.

ती सप्टेंबरमध्ये घ्यायची होती. वहीत "घेतली, बरोबर" असं लिहून माझी सही आहे. मी ती घेतली नव्हती.

त्या दिवशी मी खडवलीला आले होते. तुला माहीत नाही. तुझ्या शाळेच्या फाटकाबाहेर पिंपळाखाली उभी होते. तू पोरांना ओटीवर बसवून मांडीवर ताल धरायला शिकवत होतास, उजवा हात, डावा हात, चुकलं की सगळे हसायचे. तूही हसत होतास. मी ठरवून आले होते की आत जायचं आणि म्हणायचं, चूक झाली, चल डफ परत मागू. मग तू एका मुलीचा हात धरून तिला ठेका दाखवलास, आणि मला इतका राग आला की मी तशीच परत फिरले. घरी येऊन सही केली.

राग कसला, तेही सांगते. अण्णांनी तुला शिकवलं. वाजवायलाच नाही, बांधायलासुद्धा. त्या डफाच्या पाठीमागच्या आठ कातडी वाद्या, आजोबांची ती उलटी गाठ, जी ओढली की घट्ट होते आणि उकलायची माहीत नसेल त्याला उकलत नाही. तुम्ही दोघे रविवारी सकाळी ओटीवर डफ पालथा घालून बसायचात. मी चहा आणून द्यायचे. मी बारा वर्षांची, तू आठचा. एकदा मी म्हटलं, अण्णा, मलाही दाखवा. ते म्हणाले, "तू अभ्यास कर बेटा, तू मोठी साहेब होशील." चांगल्या मनाने म्हणाले. मी अभ्यास केला. गाठ मला आली नाही.

म्हणून मी डफ संग्रहालयाला दिला, प्रफुल्ल. खिडकीतलं पाणी वगैरे खरं आहे, पण ते कारण नाही. मला तो अशा जागी हवा होता जिथे त्याच्याबद्दल मला जास्त कळतं आणि तुला कमी.

गुरुवारी सकाळी नऊला मी आईचं पाण्याचं पिंप संग्रहालयात नेलं आणि ती परीक्षा घेतली. झाकणाला चिकटपट्टी लावून दिवसभर समोर बसून राहिले. भरती आली, छतावर ऊन आलं, गेलं. पाचला उघडलं. पेन शहाऐंशीवर होतं.

अकरा जास्त. म्हणजे ते छप्पन म्हणत होतं तेव्हा हवा पंचेचाळीस होती. ते "ओल आहे" म्हणायचं, म्हणून मी ओलावा ओढणारं मशीन चालूच ठेवायचे, म्हणून हवा आणखी सुकायची, म्हणून केस आणखी खोटं बोलायचे. आणि गुरुवारचा तो चौसष्टचा चढ, जो मी बंद केला, तो खरा त्रेपन्न होता. पावसाळा संपल्यापासून त्या डफाला हवी तशी हवा मिळाली ती फक्त गुरुवारी, दोन ते चार, आईच्या वाटीतून.

तू म्हणाला होतास सुकून फाटेल. तू बरोबर होतास. आई बरोबर होती. मी चुकले, आणि चुकले ते लपवलं.

आता पुढचं. नीरजा मॅडम शनिवारी आल्या. मला वाटलं ओरडतील. त्या बराच वेळ डफाजवळ वाकून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "ताण उतरवायला हवा, नाहीतर ही चीर मधोमध जाईल." आठही वाद्या थोड्या थोड्या, सगळीकडून सारख्या सैल करायच्या. त्यांनी दोन तास त्या गाठींशी झटापट केली. एकही उकलली नाही. मॅडम म्हणाल्या, ब्लेडने कापता येतील, पण एक वादी कापली की ताण एका बाजूला ओढेल आणि कातडं तिथल्या तिथे उभं फाटेल.

ही गाठ आता जगात एकालाच उकलता येते.

ताण उतरला की डफ वाजणार नाही, हे मला कळतं. तू त्याला काचेतून बाहेर काढून वाजवायला मागत होतास आणि मी तुला सांगतेय की ये आणि त्याचा आवाज स्वतःच्या हाताने उतरव. यापेक्षा वाईट काही मी तुझ्याकडे मागू शकले नसते. तरी मागतेय. मॅडमनी एकतीस जानेवारीपर्यंत थांबायचं कबूल केलंय. नंतर ब्लेड.

मी समोर नको असेन तर गुरुवारी ये. मी नसते.

तुझी ताई


कल्याण
शुक्रवार, २४ जानेवारी २०२५

प्रफुल्ल,

पत्र परत आलं नाही म्हणजे पोचलं असं धरून चाललेय.

मशीन बंद केलंय. यंत्राच्या केसांवर उपाय काय माहितेय? ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवायचं. मॅडमनी सांगितलं तेव्हा आई शेजारीच उभी होती. तिने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, इतकी ती सभ्य आहे. दोन दिवसांत केस भानावर आले, परीक्षेत पंचाहत्तरला पंचाहत्तर. चाव्या मी पोपटमामांना परत दिल्यात. मॅडमनी तुझ्या नावाचा परवानगीचा कागदही त्यांच्याकडे ठेवलाय.

हवा सुधारली, पण वाद्या ताठच आहेत. चीर तांदळाच्या दाण्याएवढी वाढलीय. मी रोज मोजते. आज सात दिवस उरले.

ताई


कल्याण
सोमवार, ३ फेब्रुवारी २०२५

प्रिय प्रफुल्ल,

जय भीम.

गुरुवारी मला ठाण्याला ट्रस्टसमोर उभं केलं होतं. खोट्या सहीबद्दल लेखी ताकीद मिळाली. नोकरी राहिली. मी फारसं ऐकत नव्हते, घड्याळाकडे बघत होते.

संध्याकाळी घरी आले तर आईने हिरव्या मिरचीचा ठेचा केलेला, तो तुझ्या आवडीचा, जो मला झेपत नाही आणि जो आपल्या घरात एप्रिलपासून झाला नव्हता. मी म्हटलं, "आज काय विशेष?" म्हणाली, "उद्या कामावर जाशील तेव्हा बघ." आणि मला दुसरी भाकरी वाढली. मी तो ठेचा खाल्ला. डोळ्यांतून पाणी आलं त्याला मिरची हे कारण पुरेसं होतं.

शुक्रवारी सकाळी आधी कपाटाकडे गेलेच नाही. यंत्राकडे गेले. आता हा कागद उलट, त्या आठवड्याचाच आहे. गुरुवारच्या रकान्यात साडेअकराला रेघ चढायला लागते. आईच्या वाटीचा चढ मला डोळे मिटून ओळखता येतो, तो लहान आणि गोल असतो. हा तसा नाही. कपाट सताड उघडं, दाराशी मामा, स्टुलावर आई, आणि डफ पालथा घालून बसलेला एक माणूस, घाम आलेला, श्वास रोखून धरणारा आणि मग सोडणारा. दोन तास तू या रेघेत आहेस. दोन महिने मी तुला पत्रांतून इथे बोलावत होते, आणि तू आलास तो असा, जांभळ्या शाईत.

दीडच्या सुमारास, चढाच्या माथ्यावर, एक ठिपका आहे. शाई तिथे जराशी जाड झालीय. फळीला धक्का बसला की पेन थरथरतं आणि असा ठिपका पडतो. मी आईला विचारलं. म्हणाली, ताण उतरवून झाल्यावर तू डफ मांडीवर घेतलास, कान लावलास आणि तळव्याने एकदाच थाप दिलीस, फार हलकी. "कसा वाजला?" मी विचारलं. आई म्हणाली, "खाली. मामंजी शेवटी शेवटी बोलायचे तसा."

नीरजा मॅडमनी ठिपक्याबद्दल विचारलं तर मी खरं सांगणार. पण कागदच तुझ्याकडे पाठवल्यावर त्या कशाला विचारतील?

चीर थांबलीय. मॅडम म्हणतात, कातड्याला आता दम मिळाला, डफ इथेच राहील. मार्चचा तो विषय त्यांनी स्वतःच कागदावरून खोडला. आणि गुरुवारी दोन ते चार आईची नेमणूक झालीय, बिनपगारी, हुद्दा "श्रवण सहायक". हा हुद्दा मॅडमनी हसत हसत वहीत लिहिला, पण खाली सही केलीय, खरी.

मग मी डफ बघितला. पालथा घालून मोजलं. सात गाठी सैल. आठवी तशीच, आजोबांनी बांधलेली, सगळ्यांत खालची. आधी वाटलं राहून गेली. तू गाठ विसरणारा नाहीस. मामांना विचारलं तर मिशीला हात न लावता म्हणाले, "तो बोलला, एवढी एक गाठ दोन-तीन दिवस राहिली तर काय होत नाही, बाजूच्या दोन्ही जास्त सैल केल्यात. ही ताईला शिकवायची हाय. रविवारी येतो बोलला."

काल रविवार होता. तू आला नाहीस. मी सकाळी आठपासून संध्याकाळपर्यंत खोलीत होते. भरती आली, छतावर ऊन आलं. मी डफासमोर आईच्या स्टुलावर बसून होते, आणि खरं सांगू, वाट बघण्याचा एवढा चांगला दिवस मला बऱ्याच वर्षांत मिळाला नव्हता. सहाला फोन वाजला. नंबर तुझा होता. नऊ महिने उलटून गेले होते. तू म्हणालास, "ताई, कुठला रविवार ते मामांना सांगायचं राहिलं. शाळेचं संमेलन होतं. पुढचा." आणि मी, जिने काय काय बोलायचं ठरवून ठेवलं होतं, मी म्हटलं, "बरं. जेवून येऊ नकोस."

फोन सुरू झाला तरी हे पत्र लिहितेय, कारण एक गोष्ट फोनवर विचारायला मला लाज वाटली.

तुझी ताई,
दर्शना

ता. क. गाठ धरायची ती उजव्या हाताने की डाव्या, एवढं आधी कळव. मी बुटाच्या नाडीवर सराव करून ठेवते. अण्णांनी ओटीवर बसवून शिकवलेल्या माणसासमोर मला पहिल्याच फटक्यात यायला हवी.